डिझेल इंजिन टाकलेली जिप्सी: घ्यायची का नाही?



या पानावर एरवी टोमॅटोवरचा करपा, कांद्याचं रोप, ठिबकमधून सोडायचं खत असलं काहीतरी लिहितो. आज गाडीबद्दल लिहितोय, कारण गेले तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषयच नाही. आणि मला माहीत आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पोरांनी मोबाईलवर अशीच एखादी गाडी बघून ठेवलेली असणार.

गाडी अशी. २००६ ची मारुती जिप्सी. मूळची पेट्रोल, पण इंजिन काढून त्यात स्विफ्टचं १.३ डिझेल इंजिन टाकलेलं. वरती पत्र्याचं टप, फोर बाय फोर चालू, टायर अर्ध्याच्या वर शिल्लक. संगमनेरच्या बाजूला एका गाडीवाल्याकडं उभी होती. सांगायची किंमत पावणेचार लाख. त्याच्याच शेजारी दुसरी जिप्सी होती, जशी कंपनीतून आली तशी पेट्रोलवर, तिचे पावणेतीन. म्हणजे डिझेलपणाचे एक लाख जास्त.

आधी गरज सांगतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला हौस आली. आम्ही जुन्नर तालुक्यातले. घराजवळ दीड एकर आणि साडेतीन किलोमीटरवर तीन एकर, असं साडेचार एकर रान. लांबच्या तुकड्याला जायला अडीच-तीन किलोमीटर डांबरी आहे, पुढं सातशे मीटर पाणंद, तीही काळ्या मातीची. जून ते ऑक्टोबर तिथं मोटारसायकल जात नाही. चिखल मडगार्डमध्ये भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला जायचं, आणि आजूबाजूला सगळा ऊस. आमच्या भागात बिबट्या ही काही पेपरातली बातमी नाही. गेल्या वर्षी आमच्याच बांधावर माझ्या बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले होते. तवापासून घरची माणसं मी येईपर्यंत जागी राहतात. त्यामुळं चार दारांची, नाहीतर निदान बंद टपाची, चिखलातून जाणारी गाडी पाहिजे हे घरात सगळ्यांना मान्य आहे. त्यात तोडा चालू असला की दहा-पंधरा क्रेट, औषधाचा पंप, दोन बाया न्यायला जागा पाहिजे.

आता जिप्सीच का? तर ती हलकी आहे, टनाच्या आतबाहेर वजन. खाली ट्रकसारखी शिडीची चेसी, पुढं-मागं पाटे, आणि खरोखरची फोर बाय फोर, लो गिअरसकट. १९८५ ला आली आणि २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळं सुटे भाग मिळतात. पोलिसांनी, लष्करानं वर्षानुवर्षं वापरली. दोष एकच, पेट्रोल पिते. शेतावरच्या चालीत, लो गिअर धरून, लिटरला दहाच्या वर धरू नका. म्हणून लोक तिच्यात डिझेल टाकतात. १.३ मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचं, आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावलाही बनायचं. तेच इंजिन स्विफ्ट, रिट्झ, डिझायर, टाटाची व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत होतं. मारुतीनं २०२० ला डिझेल बंद केलं तरी जुन्या गाड्या इतक्या आहेत की इंजिन आणि त्याचे भाग सहज मिळतात.

पोरानं हिशोब वहीत मांडला होता, तो खरा आहे म्हणून देतो. वर्षाला सहा हजार किलोमीटर धरले. पेट्रोल जिप्सी १० ची ॲव्हरेज, म्हणजे ६०० लिटर, १०४ रुपयांनी ६२,४०० रुपये. डिझेलची १५ ची ॲव्हरेज, ४०० लिटर, ९० रुपयांनी ३६,००० रुपये. वर्षाला २६,४०० वाचतात. एक लाख जास्त दिलेले पावणेचार-चार वर्षांत फिटतात. मग पुढं नुसता फायदा. हिशोबात चूक नव्हती. फक्त त्या वहीत डिझेलचा खर्च होता, जोडाचा आणि कागदाचा नव्हता. ते दोन्ही बघायला मी आमच्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला बरोबर घेतलं आणि गेलो.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि पहिलं वाक्य बोलला, "अण्णा, इंजिनाकडं जास्त बघू नका. इंजिन चांगलंच आहे. इंजिन गाडीला जिथं जोडलंय तिथं बघा."

मला ते लगेच पटलं. आपल्याला विहिरीवरच्या मोटरवरून कळतं ना. तीनची मोटर काढून पाचची बसवली, पण पंप तोच, कपलिंग तेच, पाईप तोच, तर काय होतं? मोटर जळत नाही. कपलिंगचे रबर जातात, बेरिंग आवाज करतं, कुठंतरी पाईप फाटतो. आणि मोटर-पंप एका रेषेत नसतील, थोडा जरी फरक राहिला, तर महिन्याला रबर बदलत बसा.

इथं तसंच आहे. जिप्सीचं मूळ पेट्रोल इंजिन ८० हॉर्सपॉवरचं, पण ओढ १०३ न्यूटन मीटर, तीही साडेचार हजार फेऱ्यांवर. हे डिझेल इंजिन ७५ हॉर्सपॉवरचं, ओढ १९०, आणि ती दोन हजार फेऱ्यांवरच. हॉर्सपॉवर जवळपास तेवढीच, पण पिळायची ताकद पावणेदोन पटीच्या वर. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, मागचा डिफ, सगळे १०३ च्या हिशोबानं बनवलेले. रस्त्यावर हळू चालवाल तर टिकतील. चिखलात रुतल्यावर लो गिअर टाकून जोर दिला की तो जोर थेट क्रॉसवर आणि डिफच्या दातांवर. आणि आपण गाडी घेतोय ती चिखलासाठीच.

दुसरं, हे इंजिन स्विफ्टमध्ये आडवं बसतं, जिप्सीत उभं बसवावं लागतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये लेथवर बनवलेली जाड प्लेट येते. ती प्लेट सरळ रेषेत बसली नाही तर क्लच थरथरतो आणि गिअरबॉक्सचं पुढचं बेरिंग मरतं. या गाडीत पहिल्या गिअरला सुटताना क्लच थरथरत होता. फार नाही, पण होता.

तिसरं, इंजिन बसवायला चेसीचा एक आडवा पट्टा कापून पुढं सरकवला होता. वेल्डिंग दिसत होतं, वरून काळा रंग. मिस्त्रीनं नखानं खरवडून बघितलं, काही बोलला नाही. पुढं वजन वाढलं म्हणून पाट्यांत एक-एक पान जास्त घातलेलं.

चौथं, पाण्याच्या टेंपरेचरचा काटा हलतच नव्हता. गाडीवाला म्हणाला, "काट्याचं काय, गाडी गरम होतच नाही." काटा मूळ गाडीचा, सेन्सर नव्या इंजिनाचा, दोघांची भाषा जुळत नाही, म्हणून तसाच सोडलेला. उन्हाळ्यात माळशेज चढून येताना इंजिन तापलं तर कळायचं कसं? वाफ निघाल्यावर? तोपर्यंत हेड वाकडं झालेलं असतं.

पाचवं, वायरिंग. ही इंजिनं कॉम्प्युटरवर चालतात. स्विफ्टची वायरिंग आणून जिप्सीच्या वायरिंगला टेपनं बांधलेली. आज चालतीय. पण पावसात रानात बंद पडली तर आपला मिस्त्री हात लावू शकत नाही, आणि कंपनीचं वर्कशॉप अशी गाडी आत घेत नाही. ज्यानं बांधलं त्यालाच बोलवायचं, तो असेल तिथून.

एक गोष्ट मात्र चांगली निघाली, ती पण सांगतो. ब्रेक. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार होते तिच्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलमध्ये ती तशी मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. काही ठिकाणी हा पंप जोडतच नाहीत आणि ब्रेक दगडासारखा होतो. बघायची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. मग पाय दाबून ठेवून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. या गाडीत गेलं.

मग चालवली. डांबरीवर मजा आली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला अशी उचलते की पन्नाशीतला माणूस पण हसतो. पण ८० च्या पुढं इंजिन ओरडायला लागतं, कारण डिफ जास्त फेऱ्यांच्या पेट्रोल इंजिनासाठी काढलेला. आणि चिखलात वेगळीच अडचण. या इंजिनाला टर्बो आहे. अठराशे फेऱ्यांच्या खाली ते झोपलेलं असतं, वर गेलं की एकदम उठतं. चिखलात आपल्याला ट्रॅक्टरसारखी हळू, एकसारखी ओढ पाहिजे. इथं आधी काहीच नाही, मग एकदम जोर, आणि चाक जागेवर फिरून खड्डा करतं. सवयीनं जमेल, पण सवय मला, रात्री अकराला, पावसात करायची आहे.

इथपर्यंत माझं मन अर्धं अर्धं होतं. क्लच, काटा, क्रॉस, वायरिंग धरून साठ-सत्तर हजार घातले आणि किंमत तीन लाखांवर आणली, तर जमलं असतं. मग कागद मागितले.

आरसीवर इंधन पेट्रोल. इंजिन नंबर जी१३ नं सुरू होणारा, म्हणजे जुन्या पेट्रोल इंजिनाचा. ते इंजिन तर कधीच भंगारात गेलेलं. बॉनेटखालच्या इंजिनावर दुसराच नंबर, आणि तो कुठल्या गाडीचा याची पावती नाही. ती गाडी अपघातातली होती, भंगारातली होती का चोरीची होती, सांगणारं कुणी नाही. उद्या कुणी तो नंबर शोधत आलं तर तो सापडणार माझ्या गोठ्यासमोर.

कायदा मी समजून घेतला तसा सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं जी गाडी म्हणून काढली आणि आरसीवर जे लिहिलंय, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवायचं असेल तर आरटीओच्या परवानगीनं नोंद होते. पेट्रोल गाडीला मान्यता असलेलं सीएनजीचं किट बसवलं तर त्याचीही नोंद होते. पण भंगारातलं दुसऱ्या जातीचं डिझेल इंजिन त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही. मालकाला, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी त्याला. बदल आधीच्यानं केला हे पोलिसाला सांगत बसायचं.

गाडीवाला म्हणाला, "अहो अण्णा, सगळे असंच चालवतात. कोण बॉनेट उघडतंय?"

कोण उघडणार ते मी मोजलं. एक, पासिंगवाला. गाडी २००६ ची. पंधरा वर्षं २०२१ ला संपली, तवा पाच वर्षं वाढवून मिळाली. ती २०२६ ला संपतात. म्हणजे तवा गाडी आरटीओत उभी करायची आणि इंजिन नंबर दाखवायचा. "एजंट करतो" हे उत्तर एकदा चालेल, दर पाच वर्षांनी चालेलच असं नाही. दोन, पीयूसीवाला. डिझेलच्या धुराची तपासणी वेगळी, पेट्रोलची वेगळी. कागदावर पेट्रोल आणि नळीतून डिझेलचा धूर, खरं पीयूसी निघणार कसं? तीन, विमा कंपनीचा सर्व्हेअर. आणि हा तिसरा मला सगळ्यात जड वाटला.

दंडाचं मी समजू शकतो, पाच हजार भरले आणि विसरलो. पण पोरगा ही गाडी पुणे-नाशिक रोडला नेणार. नारायणगावच्या मार्केटला जायचं तर दुसरी वाट कुठंय? उद्या त्याच्या हातून कुणाला धडक बसली, माणूस गेला, तर भरपाईचा दावा लाखांत असतो. सर्व्हेअर येऊन इंजिन नंबर बघणार. गाडी कागदावर आहे ती नाहीच म्हटल्यावर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. मग भरपाई मालकाकडून वसूल करा असं ठरलं, तर माझ्याकडं वसूल करायला आहे काय? साडेचार एकर. बापानं राखलेली. वर्षाला सव्वीस हजाराचं डिझेल वाचवायला मी तेवढं गहाण ठेवू शकत नाही.

पोराला हे सांगितलं तर तो चिडला. "अण्णा, तालुक्यात अशा कितीतरी गाड्या फिरतात. एकाचं काही झालं नाही." त्याचं म्हणणं खोटं नाही. न उपटलेल्या तणाचं पण वर्षभर काही वाटत नाही. दोन दिवस तो जेवायला माझ्याबरोबर बसला नाही. शेवटी त्याची आई बोलली, "बिबट्यापासून वाचायला गाडी घेताय, का कोर्टाच्या फेऱ्या मारायला?" त्यावर कुणी काही बोललं नाही.

मग शेजारची पेट्रोल जिप्सी का नाही घेतली? कागद नीट होते, विचार केला. पण वर्षाला बासष्ट हजाराचं पेट्रोल जड आहे. सीएनजी करायचं तर टाकी मागची जागा खाते, आणि मला तीच जागा क्रेटला पाहिजे.

मिस्त्रीनं परत येताना एक गोष्ट विचारली, तिथून विचार बदलला. म्हणाला, "अण्णा, फोर बाय फोर तुम्हाला किती मीटर लागते?" सातशे मीटर. त्यातही खरी रुतायची जागा दोनशे मीटर, ओढ्याच्या अलीकडं. बाकी निघून जातं. दोनशे मीटरसाठी मी पावणेचार लाखांची गाडी बघत होतो.

त्या दोनशे मीटरचा हिशोब मांडला. तीन मीटर रुंद, २० सेंटिमीटर मुरूम, म्हणजे १२० घनमीटर, साधारण ४२ ब्रास. दाबल्यावर बसतो म्हणून ५० धरले. दोन्ही कडेला चर, मध्ये एक सिमेंटचा पाईप. तहसीलची परवानगी, मुरूम, जेसीबी, रोलर धरून अंदाज ऐंशी हजारांचा आला. त्या पाणंदीवर आम्ही सहा खातेदार. चौघं तयार आहेत, एकाशी बांधाचं जुनं भांडण आहे, एक पुण्याला असतो. सगळे आले तर प्रत्येकी तेरा-चौदा हजार. चौघंच आले तरी आम्ही चौघं प्रत्येकी वीस हजारांत करू. ग्रामपंचायतीकडून शेत-पाणंद रस्त्याच्या योजनेत अर्जही दिलाय, पण त्याच्या भरवशावर पुढचा पावसाळा सोडायचा नाही.

रस्ता झाला की फोर बाय फोरची गरज राहत नाही. मग चार लाखांच्या आत आठ-नऊ वर्षांची बोलेरो बघायची. कंपनीतूनच डिझेल, आरसीवर डिझेल, बंद टप, आणि गावातला कुणीही मिस्त्री हात लावतो. ओढ्याला पूर आला तर ती पण अलीकडंच थांबणार, पण मग जिप्सीनंही मी त्या पाण्यात घालणार नव्हतो.

तरीही कुणाला बदललेल्या इंजिनाची गाडी घ्यायचीच असेल, तर निदान एवढं करा.

१) गाडी बघायच्या आधी नंबर एम-परिवहनवर टाका. इंधन, पासिंगची मुदत, कर्जाचा बोजा, कितवा मालक, सगळं दिसतं.

२) इंजिन आणि चेसी नंबर स्वतः वाचा, आरसीशी जुळवा. जुळत नसेल तर पहिली नोंद करून द्या म्हणा, पैसे नंतर. नोंद होत नाही म्हणाला तर उत्तर तिथंच मिळालं.

३) इंजिन थंड असताना चालू करा. गाडीवाल्यानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

४) खाली झोपून चेसीचं वेल्डिंग बघा. ताजा काळा रंग असेल तर खरवडा.

५) ब्रेकची वर सांगितलेली तपासणी, टेंपरेचरचा काटा, आणि लो गिअरमध्ये पुढं-मागं दोन्ही चालवून बघा. "टक" असा आवाज आला तर क्रॉस गेलेत.

६) "फक्त रानात वापरू" असं मनाला सांगू नका. रानात जायला डांबरी लागतेच.

सध्या गाडी नाही. रात्रीच्या पाळीला मी आणि पोरगा दोघं ट्रॅक्टरनं जातो, डबी आणि बॅटरी घेऊन. डिझेल जास्त जातं, पण चालतंय. मुरूम दिवाळीनंतर, वाफसा आल्यावर टाकायचा ठरलंय.

काळ्या मातीवर पाणंद बांधलेल्यांनी सांगा, तुमच्याकडं मुरमाचा किती जाडीचा थर टिकला, आणि खाली आधी दगड टाकला होता का नुसता मुरूम? आमच्यात त्यावरून मतभेद चालू आहेत.